उंबरखेडीचा अशक्तपणा

माझी नसबंदी झाली आणि अशक्तपणा गावातल्या बाकीच्या पुरुषांना आला.

उंबरखेडीत माझी पिठाची गिरणी आहे. आम्हाला दोन मुली. धाकटीच्या वेळी सिझर झालं आणि कालिंदीचं, म्हणजे माझ्या बायकोचं, फार रक्त गेलं. आरोग्य केंद्रातले डॉक्टर निकाळजे म्हणाले, हिला पुन्हा दिवस जाता कामा नयेत आणि हिच्या पोटाला पुन्हा सुरीही लागता कामा नये. "तुझंच करू. टाकासुद्धा घालावा लागत नाही." मी लाजून खाली बघितलं. त्याला त्यांनी संमती धरली नाही, तोंडाने हो म्हणायला लावलं.

आता मला पोतं उचलवणार नाही, हे गावाने आधीच ठरवलं होतं. सरपंच हणमंतअण्णांनी गिरणीसाठी दुसरा माणूसही बघून ठेवला. सांगितलेली विश्रांती घेऊन मी गिरणी उघडली, तर पोतं मला सहज उचलवलं. अण्णांना मात्र त्यांचा ज्वारीचा डबा ओट्यावर ठेवता येईना. हळूहळू कळलं की दोन मुलं झालेल्या प्रत्येक पुरुषाचं असंच झालंय. कुणाला मोटारसायकलला किक मारता येईना, कुणाला मिशीला पीळ देताना धाप लागे.

तक्रार तालुक्याला गेली. तिथून आलेल्या साहेबांनी सगळ्यांचे हात दाबून बघितले आणि तक्रार निकाली काढली. अर्जदारांचं ऑपरेशन झालेलंच नाही, तेव्हा हा त्रास ऑपरेशननंतरचा धरता येत नाही, असं त्यांचं म्हणणं पडलं.

मग ग्रामसभा भरली. अण्णा भिंतीला टेकून बोलले. मी नस पुन्हा जोडून घ्यावी आणि कालिंदीचं ऑपरेशन करावं, असा त्यांचा प्रस्ताव होता. बायकांचं केलं की गावात कुणाला काही होत नाही, हा आजवरचा अनुभव आहे, असं ते म्हणाले. पुरुषांनी जमेल तेवढ्या माना डोलावल्या.

डॉक्टरांनी कालिंदीच्या जिवाला असलेला धोका समजावून सांगितला. एका बाईपायी अख्खं गाव अंथरुणाला खिळवायचं का, असं अण्णांनी विचारलं. तेव्हा कालिंदीच उठली.

"अण्णा, काकूंचं ऑपरेशन झालं, तेव्हाचा अशक्तपणा कुठे गेला?"

"तेव्हा कुठे कुणाला आला?"

यमुनाकाकू शेजारी बसून अण्णांना पदराने वारा घालत होत्या. "आला होता की," त्या म्हणाल्या. "माझ्यातच राहिला. टाके ओले होते तर धुणं घेऊन ओढ्यावर धाडलंत मला."

सभा तहकूब झाली, कारण बऱ्याच जणांना बसवत नव्हतं.

पुढे रंगनाथ पैलवान गुपचूप केंद्रात जाऊन ऑपरेशन करून आला. बरा झाल्यावर तो माझ्याच गिरणीत येऊन पोती हलवू लागला. त्याच्या वाट्याचा अशक्तपणा उरलेल्यांत वाटला गेला, आणि तो त्यांना जाणवला. मग केंद्रापुढे रांग लागली. जो मोकळा होई त्याचा भार मागच्यांवर पडे, म्हणून पुढे घुसण्यासाठी ढकलाढकली झाली. ढकलण्याइतकी ताकद कुणात नसल्यामुळे कुणाला लागलं नाही.

शेवटी अण्णा एकटे उरले. अख्ख्या गावाचा अशक्तपणा त्यांच्यात गोळा झाला. डॉक्टर त्यांच्या घरी गेले, मीही सोबत होतो. अण्णांनी सगळं ऐकून घेतलं.

"नको," ते पडल्या पडल्या म्हणाले. "त्याने अशक्तपणा येतो."

आता यमुनाकाकू रोज सकाळी त्यांना उचलून ओसरीवर उन्हात ठेवतात आणि झाडून झालं की आत नेतात. ग्रामसभेलाही त्याच आणतात. माझी नस जोडण्याचा प्रस्ताव दर सभेत पहिला येतो. बाकी कुणाला त्यात आता रस नाही, पण सरपंचांचा प्रस्ताव असल्यामुळे तो घ्यावा लागतो. कालिंदी पुढे येऊन बसते. मंजुरीसाठी हात वर करायचा असतो. सगळे अण्णांच्या हाताकडे बघत थांबतात. तो मांडीवर असतो.

मग आम्ही गटारांचा विषय घेतो.