न्यायासनासमोरील खिडकीची हकीकत

श्रीरेखाकोनभगवती प्रसन्न. शके एकोणीसशे सत्तेचाळीस, विश्वावसुनाम संवत्सरे, वैशाखमासी वास्तुविद्येच्या राज्यात थोर रण माजले, त्याचे वर्तमान ऐसे जे, चौथ्या वर्षाच्या शिलेदारांस हुकूम जाहला की तालुक्याचे न्यायालय रचोन त्याचा नमुना दरबारी रुजू करणे, न पटल्यास साल वाया जाईल. मग सर्वांनी पुठ्ठे कापिले आणि खांब उभारिले आणि घुमट चढविले आणि पायऱ्या तर ऐशा बांधिल्या की पक्षकार वर पोहोचेतो दावाच निकाली निघावा.

त्यांत सुनेत्राबाई वाघचौरे मोठ्या हट्टी. त्यांनी आधी खऱ्या कोर्टात जाऊन बाकावर ठाण मांडिले आणि पाहिले की एक म्हातारी सकाळपासोन मांडीवर पिशवी घेऊन पुकाऱ्याची वाट पाहते आणि संध्याकाळी पुढील तारीख घेऊन मुकाट चालती होते, आणि आत कोणास खबरही नाही. ते बाईंच्या जिव्हारी लागले. मग त्यांनी घुमट उडविला आणि मधोमध सावलीचा चौक केला आणि न्यायासनासमोर उत्तरेची मोठी खिडकी ठेविली, ऐसी की आसनावरोन चौकातील अवघे लोक नजरेस पडावे. गुरुवर्य गद्रेसर कोपले, म्हणाले, न्यायाधीशाचे चित्त विचलित होईल, खिडकी बुजविणे, नाहीतर साल गेले समजणे. परंतु बाईंनी खिडकी बुजविली नाही.

दरबार भरला. परीक्षेस निवृत्त न्यायाधीश अंबुताई नाडगौडा खाशा आल्या होत्या. इमारतीचे माप कळावे म्हणोन नमुन्यात कागदी माणसे चिकटवावयाची चाल आहे. सर्वांची माणसे उभी राहोन इमारत वाखाणीत होती, सुनेत्राबाईंची मात्र अवघी बसलेली. ताईंनी कारण पुशिले.

"कोर्टात माणसं वाट बघत बसलेलीच असतात, मॅडम. मी बघून आले."

गद्रेसरांनी खिडकीचा दोष सांगितला. मग ताई वाकल्या आणि न्यायासनामागे डोळा लावोन बहुत वेळ पाहत राहिल्या.

"तीस वर्षं मी त्या खुर्चीत बसले, सर. बाहेर कोण बसलंय ते कधी दिसलंच नाही. ही खिडकी असती, तर तारीख देताना हात अडखळला असता. चित्त विचलित व्हायलाच हवं होतं."

मग गद्रेसरांनी नमुना स्वहस्ते उचलोन दर्शनी मेजावर ठेविला आणि ही आमची विद्यार्थिनी, ऐसे चौघांस ऐकू जाईल ऐसे बोलिले. सुनेत्राबाईंस धन्य वाटले.

येणेप्रमाणे साल राखिले, खिडकी राखिली. नमुना अद्याप तेथेच आहे. चौकात कागदाची म्हातारी मांडीवर पिशवी घेऊन बसलीच आहे, परंतु आता ती आसनावरोन दिसते.