भिवाजी अस्वलाचा ठेका

एका जंगलात, बाळांनो, ऐंशीच्या दशकात एक फंक बँड होता, म्हणजे ऐकणाऱ्याला नाचायला लावणारा. हसू नका. ऐंशीचं दशक जंगलातही आलं होतं.

भिवाजी अस्वल बेस गिटार वाजवायचा. सगुणा टिटवी गायची. ड्रमवर एक रानडुक्कर होतं. भिवाजीने नवा ठेका काढला होता. तार छेडायची नाही, अंगठ्याने ठोकायची. तो ठेका ऐकला की कासवालासुद्धा आपल्याला कंबर आहे असं वाटायचं.

पण त्या जंगलात संगीतातलं फक्त बगळ्यांना कळे. त्यांचे प्रमुख धवलनाथ म्हणाले, "हे संगीत नव्हे, हा पोटाचा विकार आहे." झालं! वनोत्सवाच्या समितीने बँडवर बंदी घातली. रानडुक्कर कंदमुळं उकरायला गेलं. भिवाजी मधाच्या पोळ्यांमागे लागला.

पुष्कळ वर्षांनी एका तरुण मोराने तोच ठेका वाजवला. काळा चष्मा लावून. धवलनाथांच्या डोळ्यांत पाणी आलं. "अहाहा! काय अस्सल, काय मातीतला ठेका!" मोराला 'वनभूषण' जाहीर झालं.

सत्काराला भिवाजी गेला. भर सभेत उभा राहून म्हणाला, "धवलनाथजी, हा ठेका माझा आहे."

"कशावरून?"

भिवाजीने मोराची गिटार घेतली आणि वाजवली. अख्खी सभा डोलायला लागली. मोराने मान खाली घातली. त्याने लहानपणी आईच्या जुन्या कॅसेटवर हेच ऐकलं होतं. पण तो बोलला नाही.

धवलनाथ मात्र बोलले. "वा, आजोबा! मोराची नक्कल छान करता हो. तीही या वयात!"

सगळे हसले. भिवाजी घरी गेला. त्यानंतर त्याने तारेला हात लावला नाही. त्याच हिवाळ्यात तो वारला.

मेल्याबरोबर तो सगळ्यांना आठवला. मोठी शोकसभा भरली. धवलनाथ गहिवरून म्हणाले, "भिवाजीराव म्हणजे युगप्रवर्तक! त्यांच्या स्मृतीसाठी दोन मिनिटं शांतता पाळू या."

सगळे उभे राहिले. तेवढ्यात मागून म्हातारी सगुणा बँडचं जुनं गाणं गाऊ लागली. आवाज फाटका होता, ताल पक्का होता.

बंदोबस्ताला असलेले दोन तरस धावले. तिला पंखाला धरून बाहेर काढताना एक जण दटावून म्हणाला, "अहो आजी, गप्प बसा! भिवाजीरावांचा तरी मान ठेवा!"

तात्पर्य : बाळांनो, आपल्याकडे कलावंताची कदर होत नाही असं कोण म्हणतं? होते. त्याने फक्त आधी कायमचं गप्प व्हावं, आणि सोबतच्यांनाही गप्प करून जावं.