दोन सीटची गाडी

मी घाईत निर्णय घेत नाही. एका मराठी दैनिकाच्या डेस्कवर उभा जन्म गेला आहे. समोर आलेली प्रत्येक बातमी चुकीचीच आहे असं धरून मी वाचतो. आमदाराचं वय, पुलाची लांबी, मयताच्या वडिलांचं नाव, सगळं दोनदा तपासतो. त्यामुळे पन्नाशीत एक जुनी स्पोर्ट्स कार घ्यायचं मनात आलं, तेव्हा मला स्वतःबद्दल जराही काळजी वाटली नाही. मूर्खपणा करणारी माणसं वेगळी असतात. मी त्यांच्या बातम्यांना मथळे देतो.

गाडी गिरगावात होती. कोठारे नावाच्या, ऐंशीच्या घरातल्या गृहस्थांची. विलायती, लाल, उघड्या टपाची, साठ वर्षांची आणि इतकी बुटकी की तिच्याशी बोलायचं तर माणसाने वाकावं. सीट दोन. मागे काही नाही. मला भुरळ पडली ती त्या दोन सीटचीच. भोईवाड्याच्या चाळीत आम्ही सात जण एका खोलीत वाढलो. झोपताना एकाने कूस बदलली की सगळ्यांना बदलावी लागायची. ज्या गाडीत तिसरा माणूस मावतच नाही, ती माझ्या दृष्टीने श्रीमंतीची परमावधी होती.

मी रीतसर तपास केला. इंजिन नंबर, चॅसी नंबर, आरसी, टॅक्स, विमा. गाडीखाली आडवा झालो. शर्टाला ऑइल लागलं ते कोणत्या भागातून गळतंय, याचीही नोंद घेतली. कोठारे शांतपणे बघत होते.

"तुम्ही पोलिसात होता का?" त्यांनी विचारलं.

"पत्रकार आहे."

"मग ठीक आहे. पुण्याचा एक माणूस मागे लागलाय. सोमवारपर्यंत थांबतो. नंतर त्याला देईन."

म्हणजे माझ्याकडे आठ दिवस होते आणि निम्मेच पैसे. उरलेल्या निम्म्यांसाठी बँक. आणि बँक म्हणजे माझी बायको अक्षता. ती एका सहकारी बँकेत कर्ज विभाग सांभाळते. लोकांना नाही म्हणणं हा तिचा पेशा आहे, आणि घरी आल्यावरही तिचा सराव चालू असतो.

"साठ वर्षांच्या गाडीवर कुठलीही बँक वाहनकर्ज देत नाही," ती भाजी चिरता चिरता म्हणाली. "पर्सनल लोन घ्यावं लागेल. व्याज जास्त. सहकर्जदार म्हणून माझी सही लागेल. हप्ता कुठून भरणार?"

मी याच प्रश्नाची वाट बघत होतो. "गाडीच भरेल."

"गाडी नोकरीला लागणार?"

"लग्नं. अशा गाडीतून वरात काढायला लोक वाटेल ते भाडं देतात. महिन्याला चार लग्नं धर. हप्ता सुटतो, पेट्रोल सुटतं, वर ऑइल गळतं तेही सुटतं."

"भाड्याने द्यायला परवाना वेगळा लागतो."

"तो काढू."

अक्षताने सुरी खाली ठेवली. कर्जदाराकडे बघतात तसं तिने माझ्याकडे बघितलं. "रविवारी संघमित्राचं लग्न आहे. मामा म्हणून फुकट दे तिला गाडी. एक लग्न नीट पार पाडून दाखव. मी सोमवारी सकाळी सही करते. नाही जमलं तर हा विषय या घरात पुन्हा निघणार नाही."

संघमित्रा माझ्या बहिणीची मुलगी. मुलगा हर्षवर्धन, अँटॉप हिलच्या सरकारी वसाहतीतला. लग्न दादरच्या हॉलमध्ये, तिथून पाठवणी थेट अँटॉप हिल. मी कोठारेंना फोन केला. ते म्हणाले, "गाडी आणतो, पण चालवणार मी. पूर्ण पैसे मिळेपर्यंत स्टेअरिंगला दुसऱ्या कोणाचा हात लागणार नाही."

मी म्हटलं, उत्तम. शोफर फुकट मिळाला.

इथेच वाचकांपैकी जे हुशार आहेत त्यांच्या लक्षात आलं असेल. माझ्या आलं नाही. मी फुलवाल्याला बॉनेटची लांबीरुंदी लिहून दिली होती. दादर ते अँटॉप हिल रस्त्यातले खड्डे मी आदल्या दिवशी टॅक्सीने जाऊन बघून आलो होतो. दोन सीट, एक नवरा, एक नवरी, हिशेब पूर्ण. गाडी बहुधा आपली आपण चालते, असं मी गृहीत धरलं होतं.

रविवारी दुपारी लग्न सुरेख लागलं. वंदना झाली, मंगल परिणय झाला, जेवणं झाली. चारच्या सुमाराला हॉलखाली कोठारे आले. डोक्यावर चेक्सची कॅप, गळ्यात रुमाल, गाडीवर शेवंती आणि गुलाब. रस्त्यावरची माणसं थांबून फोटो काढायला लागली. मी अक्षताकडे विजयी मुद्रेने पाहिलं. ती गाडीकडे बघत होती, आणि तिच्या चेहऱ्यावर ते हसू आलं होतं जे तिला अर्जात जन्मतारीख चुकलेली सापडली की येतं.

"भूषण," ती हळूच म्हणाली, "तिघं कसे बसणार?"

मी गाडीकडे पाहिलं. कोठारे बसले होते. शेजारी एक सीट होती. पलीकडे नवरा आणि नवरी उभे होते.

"कोठारेसाहेब," मी खिडकीशी, म्हणजे जिथे खिडकी असायला हवी तिथे, वाकलो. "तुम्ही जरा उतरता का?"

"नाही."

"नवरा चालवेल. त्याच्याकडे लायसन्स आहे."

"ऑटोमॅटिक चालवतो मी," हर्षवर्धन मागून प्रामाणिकपणे म्हणाला.

कोठारेंनी कॅप नीट केली. विषय संपला.

मग फुटपाथवर सभा भरली. हर्षवर्धनचे वडील राजाराम मोठे शिस्तीचे गृहस्थ, सरकारी नोकरीतून निवृत्त. ते म्हणाले, "मुलाला पुढे बसवा, सूनबाई मागच्या टॅक्सीत येतील."

"वा. म्हणजे लग्न यांचं दोघांचंच," संघमित्रा कोठारेंकडे बोट दाखवत म्हणाली.

"मग संघमित्राला बसवा, मी टॅक्सीने येतो," हर्षवर्धन म्हणाला.

"नवरी एका परक्या म्हाताऱ्याबरोबर घरी येणार?" राजाराम. "वसाहतीत काय सांगू मी?"

कोणी तरी सुचवलं की दोघांना मागच्या डिकीवर बसवावं, पाय सीटवर सोडून. यावर कोठारे पहिल्यांदाच आपणहून बोलले. "ओरिजिनल पेंट आहे," ते म्हणाले. नवरानवरी घसरून पडतील याबद्दल त्यांना काही म्हणायचं नव्हतं.

आमचं हे चाललेलं असताना लिफ्टने कमलाबाई खाली आल्या. हर्षवर्धनची आजी, राजारामांच्या आई. गुडघे दुखतात म्हणून त्या गर्दीआधीच निघाल्या होत्या. समोर फुलांची गाडी, आत ड्रायव्हर, शेजारची सीट रिकामी. त्यांच्या मनात शंका यायचं काही कारणच नव्हतं. त्यांनी दार उघडलं, पाठ फिरवली, देह सोडून दिला, आणि विहिरीत बादली जावी तशा त्या खाली गेल्या.

आम्ही वळून बघितलं तेव्हा फक्त पांढरा अंबाडा आणि मांडीवरची पर्स दिसत होती.

"आई, ही गाडी तुझी नाही," राजाराम म्हणाले.

"मग कुणाची? मोकळीच तर होती."

"उतर बघू. हात दे."

कमलाबाईंनी हात दिला. राजारामांनी ओढलं. काही झालं नाही. हर्षवर्धनने दुसरा हात धरला. त्या वीतभर वर आल्या, "गुडघा, गुडघा" म्हणाल्या आणि पुन्हा तळाला गेल्या. मी शेकडो पानं वाचली होती त्या गाडीबद्दल. सीट जमिनीपासून किती उंचीवर आहे हेही मला पाठ होतं. पण ऐंशी वर्षांच्या गुडघ्याला ती उंची कशी दिसते, हे कुठल्याच पानावर नव्हतं.

"नका रे ओढू," कमलाबाई म्हणाल्या. "मी बरी बसलेय. तुम्ही दुसरी गाडी बघा. चला हो, ड्रायव्हर."

त्याच क्षणी वरातीसाठी आलेल्या बेंजोवाल्यांनी, फुलांच्या गाडीत कोणी तरी बसलंय एवढं पाहून, वाजवायला सुरुवात केली. कोठारेंनी गिअर टाकला. गाडी निघाली. पोरं पुढे नाचायला लागली. गाडीत कोण आहे हे बघायची त्यांची पद्धत नव्हती. सिग्नलपर्यंत कमलाबाई दोन्ही बाजूंना हात जोडत गेल्या. मग सिग्नल सुटला आणि गाडी दिसेनाशी झाली.

नवरानवरीसाठी मी ॲपवरून टॅक्सी मागवली. ड्रायव्हरने आधी ओटीपी विचारला. शुभ्र साडीतल्या माझ्या भाचीने माझ्या मोबाइलमध्ये बघून चार आकडे वाचले आणि संसाराला सुरुवात केली.

आम्ही अँटॉप हिलला पोहोचलो. गाडी आली नव्हती. नातसुनेला उंबऱ्याच्या आत आपणच घेणार, असं कमलाबाईंनी महिनाभर आधी जाहीर करून ठेवलेलं. त्यामुळे संघमित्रा बिल्डिंगखाली प्लास्टिकच्या खुर्चीवर बसली. पंधरा मिनिटं झाली. अर्धा तास झाला. कोणी तरी तिला वेफर्स आणून दिले.

"तुमच्या ड्रायव्हरचा नंबर लावा," राजाराम मला म्हणाले.

"त्यांच्याकडे मोबाइल नाही. लँडलाइन आहे."

"गाडीत?"

"गिरगावात."

त्यांनी आईचा नंबर लावला. हर्षवर्धनच्या खिशात फोन वाजला. फोटो काढताना आजीने त्याला सांभाळायला दिला होता.

तासाभराने राजारामांचा धीर सुटला. त्यांनी पोलिसांना फोन लावला, स्पीकरवर. पलीकडे एक शांत आवाजाच्या बाई होत्या.

"आई हरवली आहे. वय ऐंशी."

"एकट्या गेल्यात का?"

"नाही. एका म्हाताऱ्याबरोबर."

"ओळखीचे आहेत?"

"नाही. लाल गाडी आहे, उघडी. फुलांनी सजवलेली."

"जबरदस्तीने बसवलं?"

"नाही, स्वतःहून बसली. आम्ही उतरवत होतो, ती उतरेना."

"बरं. आणखी काही?"

"पुढे बेंजो होता," राजाराम म्हणाले. त्यांना खोटं बोलता येत नाही.

पलीकडे पेन खाली ठेवल्याचा आवाज आला. मग बाई म्हणाल्या, "काका, ऐंशीच्या आहेत म्हणजे सज्ञान आहेत. तुम्ही घरातल्यांनी जरा समजुतीने घ्या."

संघमित्राने तोंडावर पदर धरला. तिचे खांदे हलत होते. मला वाटलं रडतेय. अक्षताही तिच्या खुर्चीमागे तोंड लपवून तशीच हलत होती. मी मात्र हसू शकत नव्हतो. एक लग्न नीट पार पाडायचं ठरलं होतं; मी नवरानवरीला टॅक्सीने आणलं, वराची आजी गमावली आणि प्रकरण पोलिसांपर्यंत नेलं.

तेवढ्यात कोपऱ्यावर हॉर्न वाजला.

गाडी आली. निम्मी फुलं उडून गेली होती. कोठारेंची कॅप कमलाबाईंच्या डोक्यावर होती, ऊन लागू नये म्हणून. त्यांच्या हातात कुल्फीची काडी होती.

"आई, होतीस कुठे?"

"चैत्यभूमीला," कमलाबाई म्हणाल्या. "दर सहा डिसेंबरला रांगेत उभी राहते. औंदा गुडघ्यांनी जमलं नाही. म्हटलं गाडी आहे, ड्रायव्हर आहे, नातवाचं लग्न आहे, बाबासाहेबांना सांगून येऊ. मला उतरता येईना, मग गाडीतूनच हात जोडले. मग शिवाजी पार्कला गोल चकरा मारल्या. पोरी येऊन फोटो काढत होत्या."

"घरी नवी सून खोळंबलीय."

"असू दे. आमच्या वेळी आम्ही सासरी चालत आलो, कोणी खुर्चीसुद्धा दिली नव्हती."

डाव्या खांद्याला मी आणि उजव्या खांद्याला हर्षवर्धन, असे दोघांनी मिळून त्यांना वर काढलं. माझ्या कमरेत काही तरी सरकलं. कमलाबाईंनी कॅप कोठारेंना परत दिली, पदर सावरला, संघमित्राचा हात धरला आणि तिला घरात नेलं.

मी आणि अक्षता परत निघालो. मी मनातल्या मनात गाडीचा विषय बंद करून टाकला. आमच्या दाराशी आल्यावर ती म्हणाली, "तिघांनी मला विचारलं."

"काय?"

"आमच्या आईला, आमच्या वडिलांना एकदा असं फिरवून आणाल का म्हणून. पैसे देऊ म्हणाले. तुझा लग्नाचा हिशेब चुकीचा आहे, पण गाडीला गिऱ्हाईक आहे." तिने कुलूप काढलं. "आणि किती दिवसांनी इतकी हसले मी. उद्या सही करते."

मी रात्रभर जागा होतो. आनंदाने आणि कमरेने.

सकाळी बँक उघडायच्या आत कोठारेंचा फोन आला.

"मी गाडी विकत नाहीये," ते म्हणाले.

"पुण्याच्या माणसाला दिलीत?"

"कोणालाच नाही. काल तुमच्या आजीबाईंनी विचारलं, एवढी चांगली गाडी विकता कशाला? मी म्हटलं, बायको गेल्यापासून बाजूला बसायला कोणी नाही. त्या म्हणाल्या, मग मी काय हवेत बसलेय?"

चॅसी नंबर मी त्यांना दोनदा विचारला होता. का विकता, हे एकदाही विचारलं नव्हतं. नव्या बातमीदाराने अशी अर्धवट बातमी आणली असती तर मी त्याला फैलावर घेतलं असतं.

"रागावलात?" कोठारेंनी विचारलं.

"नाही."

"मग एक काम होतं. रविवारी दुपारी त्यांना पुन्हा न्यायचं ठरलंय. पण बसवायला आणि उठवायला दोन माणसं लागतात. त्यांचा नातू आहे. दुसरे तुम्ही याल का?"

मी गेलो. अजून जातो. दर रविवारी अँटॉप हिलला कमलाबाईंना गाडीत सोडतो, चहा पितो, आणि त्या फिरून आल्या की हर्षवर्धनबरोबर त्यांना वर काढतो. अक्षता हे प्रकरण बँकेत सगळ्यांना सांगते. हप्ता नाही, व्याज नाही, पेट्रोल नाही, आणि दर आठवड्याला नवऱ्याला स्पोर्ट्स कार. असा कर्जदार तिने पाहिलेला नाही म्हणे.

त्या गाडीपायी माझी एकच खरेदी झाली. कमरेचा पट्टा, परळला, साडेचारशे रुपये. दुकानदाराने हप्त्यांची सोय आहे म्हणून सांगितलं. मी रोख दिले.