रणपिसे काकांची सही

दारावरची बेल वाजली की माणसं दार उघडतात. रणपिसे काका आधी गच्चीवर जातात. कोण आलंय, हातात काय आहे, हे वरून वाकून नीट बघतात आणि मगच खाली येतात. तोवर आलेला माणूस बहुधा निघून गेलेला असतो. ‘पळाला! म्हणजे बघ, काहीतरी होतंच त्याच्या मनात,’ असं वर मलाच ऐकवतात.

गुरगावच्या आमच्या गल्लीत काकांचं घर माझ्या घराला चिकटून आहे. उभी हयात त्यांनी पानिपतच्या एका गिरणीत चादरी आणि ब्लँकेटं तपासण्यात घालवली. नोकरी संपली, तपासणी चालूच आहे. ‘वरून सगळं छानच दिसतं, मंदार. धागा ओढून बघ, धागा!’ हे त्यांचं पालुपद. कलिंगड घेताना धागा, लग्नाची पत्रिका आली तरी धागा. मी एकदा दिवाळीचा फराळ नेऊन दिला, तर झाकणही न उघडता म्हणाले, ‘यार, यंदा एवढ्या लवकर? काही काम आहे का?’ काम होतं. त्यांची शिडी हवी होती. पण तो भाग वेगळा.

मग पालिकेचं पत्र आलं. गल्लीचा रस्ता उखडून नव्याने करायचा, खर्चातला काही वाटा घरमालकांनी उचलायचा. ज्याचं घर रस्त्याला जितकं लागून, तितका त्याचा वाटा. काम सुरू व्हायला सगळ्यांची संमती हवी. सह्या गोळा करायचं काम माझ्या गळ्यात पडलं. कोपऱ्यावरच्या चड्ढाजींचं घर दोन बाजूंनी रस्त्याला लागतं. ‘दो तरफ रोड है, तो मैं क्या दोनों पे सोता हूँ?’ म्हणून त्यांनी गल्लीच्या बैठकीत बोंब ठोकली. पण शेवटी तेही सही करून मोकळे झाले. राहिले फक्त काका.

आधी म्हणाले, पालिकेची मोजमापं खोटी. स्वतःची कापडी फीत आणून माझ्याकडून घराची रुंदी तीनदा मोजून घेतली. ‘ताणू नकोस! ताणलं की हवं तेवढं भरतं.’ तिन्ही वेळा पालिकेचाच आकडा आला. मग म्हणाले, ‘पण रस्ता खाली का नेतायत? त्यात कोणाचा फायदा?’

आता मात्र मलाच संशय आला. आजवर दर वेळी जुन्या रस्त्यावरच नवा थर चढवला गेला. चढता चढता रस्ता आमच्या अंगणांच्या बरोबरीला आला, आणि पाऊस झाला की पाणी थेट दिवाणखान्यात. तो खरवडून पूर्वीइतका खाली नेणार, हीच तर त्या पत्रातली एकमेव चांगली गोष्ट. काकांचा स्वतःचा सोफा विटांवर उभा आहे. मग हा माणूस अडून का बसलाय? पैसे वाचवतोय, दुसरं काय, असं मी ठरवूनच टाकलं.

एका संध्याकाळी चिडून त्यांच्याकडे गेलो. दार उघडंच होतं, काका गच्चीवर. रोज संध्याकाळी ते तिथे उभे असतात, आमच्यावर नजर ठेवायला, अशी गल्लीची खात्री. मी वर गेलो. ‘काका, आज सही द्याच.’

त्यांनी मला हातानेच गप्प केलं आणि खाली दाखवलं. काकू चालत होत्या. काठी टेकत, सावकाश, एकट्याच. गल्लीच्या टोकाला पोचल्या, वळल्या. त्या परत फाटकातून आत येईपर्यंत काकांनी नजर हटवली नाही.

‘फाटकाशी तीन पायऱ्या होत्या आपल्या,’ मग म्हणाले. ‘रस्ता चढत गेला तशी एकेक बुजली. पहिल्या दोन गेल्या तेव्हा मी पालिकेशी भांडलो. तिसरी उरली आणि हिचे गुडघे गेले. दोन वर्षं घरात बसून होती. मग तीही बुजली, आणि ही पुन्हा बाहेर पडायला लागली. कोणाचा हात न धरता. आता त्या तिन्ही परत येणार.’

‘मग बैठकीत सांगायचंत ना!’

‘तिने बंदी घातलीय. माझ्या गुडघ्यांपायी लोकांच्या घरात पाणी नको, म्हणते. मग काय करणार, फीत काढली.’

मला माझीच लाज वाटली. उतार बांधता येईल का, हेही त्यांनी मोजून पाहिलं होतं. काकूंना झेपेल इतका सावकाश उतार त्यांच्या अंगणात मावत नव्हता.

‘पुढे माझं अंगण आहे की,’ मी म्हणालो. ‘मधली भिंत पाडू. उतार तुमच्या दारापासून निघेल आणि माझ्या फाटकाशी संपेल. स्कूटर मी लावीन कुठेही.’

काकांनी मला नखशिखांत न्याहाळलं. ‘का? तुला काय मिळणार?’

‘शिडी,’ मी म्हणालो.

ते हसले नाहीत. ‘उद्या ये,’ एवढंच म्हणाले.

दुसऱ्या दिवशी ऑफिसच्या एका कॉलमुळे मला जायला दुपार झाली. बेल वाजवली आणि सवयीने गच्चीकडे बघत उभा राहिलो. तेवढ्यात दार उघडलं. काका दारामागेच उभे होते. सही केलेला कागद हातात धरून धरून घामाने मऊ झाला होता.

‘मला वाटलं, आता तू येत नाहीस,’ ते म्हणाले.