नानांच्या टेबलावर चारच शब्द

कुणालच्या तोंडून नुसतं 'अरेरे' निघालं, तर नानांनी त्याला तीन डाव व्हरांड्यात उभं केलं. कुणाल हिंजवडीच्या एका कंपनीत साहेब आहे, हाताखाली बरीच माणसं. पण तो मुकाट्यानं चपला घालून बाहेर गेला आणि जाळीतून आमचा खेळ बघत राहिला.

त्याचा गुन्हा असा. पोकरमध्ये प्रत्येकाला दोन पत्ते झाकून मिळतात आणि पाच मधोमध उघडतात. कुणालनं आपले दोन्ही टाकून दिले होते. मग मध्ये सत्ती उघडली आणि तो कळवळला. म्हणजे टाकलेल्यात सत्ती होती, हे सगळ्यांना कळलं.

"फुकट खबर लागली का न्हाई समद्यास्नी?" नाना म्हणाले. "पत्ते टाकले की तोंडबी टाकायचं. आखाड्याभाईरून डाव सांगायचा न्हाई."

नाना आमचे घरमालक. भुकूमला त्यांच्या घराच्या वरच्या खोल्यांत मी आणि कुणाल भाड्यानं राहतो, खाली नाना एकटे. उभं आयुष्य ते मुळशीतल्या जत्रांत कुस्तीचे पंच होते. पंचगिरी सुटली, गळ्यातली शिट्टी सुटली नाही. पोकर त्यांना कुणालनंच शिकवला आणि पस्तावला. नानांनी त्याच्याकडून इंटरनेटवरचे नियम वाचून घेतले. खेळाचे निम्मे विसरले, बोलण्याचे मात्र सगळे पाठ केले. डाव चालू असताना चारच शब्द काढायचे: पास, बघतो, वाढवतो, टाकले. शिंक आली तर तोंड भिंतीकडे. 'हं' म्हणायला तर सक्त मनाई. "हं मधी लई अर्थ असत्यात, सर," असं त्यांनी मला बजावलं होतं. मी शाळेत मास्तर आहे, पण त्या टेबलावर विद्यार्थी. डावावर लावायला चिंचोके.

चौथा गडी अण्णा, नानांचा सख्खा धाकटा भाऊ. जमिनीच्या वाटणीवरून दोघांचं बोलणं तुटून अकरा वर्षं झाली होती. भावकीतल्या लग्नात एक मांडवाच्या या टोकाला, दुसरा त्या. पण रविवारी दुपारी अण्णा न चुकता यायचे, नानांच्या समोर बसायचे, चार शब्दांत तीन तास काढायचे आणि उठून जायचे. मला ते चमत्कारिक वाटायचं. विचारायची सोय नव्हती, शिट्टी वाजली असती.

त्या रविवारी माझ्याकडे तीन राण्या जमल्या. कुणालनं टाकले, अण्णांनी टाकले. उरलो मी आणि नाना. मी मूठभर चिंचोके पुढे सारले. "वाढवतो."

नाना हलले नाहीत. त्यांची बोटं थरथरत होती, पत्त्यांची कड टेबलावर टकटक वाजत होती. कुणालनं माझ्याकडे पाहून भुवई उडवली. हात थरथरला की समजायचं पत्ते जबरदस्त आहेत, असं त्यानंच आम्हाला शिकवलेलं. माझ्या राण्या मला एकदम फिक्या वाटू लागल्या.

पंखा गरगरत होता, तरी नानांच्या कपाळावर घाम आला. "वा... वाढ..." एवढं म्हणून ते थांबले. मला वाटलं, नाटक. मग वाटलं, नाटक नाही. 'बरं वाटत नाही का?' हे माझ्या ओठांवर आलं होतं, आणि मी ते गिळलं. एका शिट्टीच्या धाकानं गिळलं. त्याची लाज मला अजून वाटते.

अण्णा पत्त्यांकडे बघतच नव्हते. ते नानांच्या ओठांकडे बघत होते. ते ताडकन उठले, खुर्ची मागे पडली.

"दादा, जेवलास का?"

नानांनी शिट्टी तोंडात धरली आणि फुंकली. नुसती हवा आली.

"जेवलास का इचारतोय! शुगरची गोळी घेतली आन् जेवला न्हाईस?"

नानांनी थरथरतं बोट पत्त्यांवर ठेवलं. डाव चालू आहे, असं त्यांना म्हणायचं होतं. अण्णांनी एका फटक्यात पत्ते उडवले. "साखर आणा!" कुणाल स्वयंपाकघरात धावला. तिथं ओट्यावर नानांचा जेवणाचा डबा तसाच बंद होता. अण्णांनी चिमटीनं साखर नानांच्या तोंडात घातली. थोडी हनुवटीवर सांडली.

"गिळ. दादा, गिळ म्हणतो ना!" मग माझ्याकडे न बघता, "आमच्या बाचाबी हात असाच थरथरायचा."

नानांनी गिळलं. पुन्हा चिमूट, पुन्हा गिळलं. मग साखरेचं पाणी. किती वेळ गेला सांगता येत नाही. अखेर त्यांचे डोळे भावावर स्थिरावले.

"बोलला तू."

"बोललो."

"तीन डाव भाईर हुबा ऱ्हायचं."

"ऱ्हातो. आधी पानी पी."

नानांना थोडं खायला घालून आम्ही माझ्या गाडीनं पौडच्या दवाखान्यात गेलो. कुणाल पत्ते गोळा करायला मागे राहिला. नानांच्या हातात दुर्री आणि नव्वी होती, म्हणजे काहीच नव्हतं, हे त्यानं मला नंतर सांगितलं.

डॉक्टरांनी तपासलं, रक्तातली साखर एकदम उतरली होती, आता धोका नाही म्हणाले, गोळीबरोबर वेळेवर जेवायची तंबी दिली. अण्णा औषधं आणायला गेल्यावर मी नानांना म्हणालो, "तुमच्या त्या नियमापायी आज जीव गेला असता."

"मला काय खेळाची हौस हाय व्हय, सर?" नाना हळूच म्हणाले. "गप बसायचा नियम हाय म्हणून तर तो येतोय. मोकळं बोलायचं असतं, तर माझ्या दारात आला असता का?"

परत निघालो तेव्हा दोघं मागच्या सीटवर, मध्ये औषधांची पिशवी. मग अण्णांनी खिडकीबाहेर बघत विचारलं, "वैनी शेवटी काय म्हनली?"

नानांची बायको तीन वर्षांपूर्वी गेली. अण्णा स्मशानात मागे उभे राहून, भावाला न भेटता परत गेले होते.

नाना सांगू लागले. तिला ताप कधी आला, कुणाची नावं घ्यायची, अण्णांच्या धाकट्या पोरीला कसं दोनदा बोलवून घे म्हणाली आणि आपण कसं बोलावलं नाही. अण्णा नुसते "हं" म्हणत होते. नाना त्यांना म्हणू देत होते.

भुकूमची कमान दिसली. मी वळायला लागलो, तशी नानांनी मागून माझ्या खांद्यावर हात ठेवला.

"सर, घाई हाय का?"

"नाही. का?"

"मग गाडी माघारी फिरवा. ताम्हिणीपातुर जाऊन येऊ. अजून लई सांगायचं ऱ्हायलंय."

मी आरशात पाहिलं. अण्णांनी मधली पिशवी उचलून मांडीवर घेतली होती. मी गाडी वळवली.