दुबार नावं काढा!

संगणकाच्या बाबतीत आमच्या वाचनालयात माझा हात धरणारा कुणी नाही. (पडद्यावरची यादी बघण्यापलीकडे संगणकाला हात लावणारा मी एकटाच आहे, हा भाग वेगळा!) त्यामुळे शुक्रवारी ग्रंथपाल मॅडम पर्स उचलता उचलता म्हणाल्या, "मी बैठकीला जातेय. येईपर्यंत सभासदांतली दुबार नावं काढा," तेव्हा मी नुसता हसलो. दहा मिनिटांचं काम!

दुबार नावांनी आमची यादी सुजली होती. लोक कार्ड हरवतात, नवा अर्ज भरतात आणि दर वेळी स्वतःचंच नाव वेगळं लिहितात. एक गृहस्थ तर तीनदा होते. एकदा ऱ्हस्व, एकदा दीर्घ आणि एकदा वेलांटी साफ विसरून! संगणकाला ही तीन माणसं वाटतात. म्हणून मी त्याला शहाणं केलं. काना, मात्रा, वेलांटी, उकार सगळं बाजूला ठेव. मधलं नाव अर्धे लोक लिहीतच नाहीत, तेही सोड. उरलेली अक्षरं सारखी, जन्मतारीख सारखी, फोन सारखा, की माणूस एकच! सगळ्यात जुना सभासद क्रमांक ठेव, बाकीचे उडव. सभासद उडाला की त्याच्या नावावरच्या इतर नोंदीही आपोआप उडाव्यात, ही सोय मीच मागच्या वर्षी करून ठेवली होती. मागे कचरा नको!

बटण दाबलं. चारशे बारा नोंदी गेल्या. मी खुर्चीत मागे रेलून चहा घेतला.

कप अर्धा होतो न होतो तोच काउंटरवर सासूबाई! चष्मा पुसून, पिशवी घेऊन, अगदी सजून आल्यासारख्या.

"जावईबापू, माझं पुस्तक आलंय ना? सकाळी फोन आला होता."

हे पुस्तक म्हणजे एका रहस्यकथेचा तिसरा आणि शेवटचा भाग. वाचनालयात प्रत एकच. आठ महिने सासूबाई प्रतीक्षायादीत होत्या आणि आज त्यांचा पहिला नंबर होता. मी ऐटीत त्यांचा क्रमांक टाकला.

"असा सभासद नाही," संगणक म्हणाला.

"काय म्हणतोय तो?"

"आई... तुम्ही नाही आहात."

"मी नाही? मग ही कोण उभी आहे?"

काउंटरवरच्या बाई मध्येच म्हणाल्या, "अहो, ते पुस्तक मी आत्ताच पहिल्या नंबरला दिलं. आपला नंबर कितवा, ते विचारायला आल्या होत्या. हुबेहूब ह्यांच्यासारख्याच होत्या की! मला वाटलं, ह्याच."

मावशी! सासूबाईंची जुळी बहीण. दोघी बहिणी दोघा सख्ख्या भावांना दिलेल्या, त्यामुळे आडनाव एक. घर एक, फोन एक, जन्मतारीख तर एकच. नवऱ्यांची नावं वेगळी, पण मधलं नाव मी सोडलंच होतं. उरलेल्या नावात फरक म्हणाल तर मावशींच्या नावाच्या शेवटी काना आणि सासूबाईंच्या नावाच्या शेवटी वेलांटी. आणि ती वेलांटी मी बाजूला ठेवली होती!

मावशी सात मिनिटांनी मोठ्या. चालायला आधी लागल्या, बोहल्यावर आधी चढल्या, वाचनालयाच्या सभासदही आधी झाल्या. उभ्या आयुष्यात सासूबाईंचा पहिला नंबर लागला तो या एका यादीत. दुसऱ्या नंबरवर मावशी होत्या.

"आता ती खुनी कोण ते आधी वाचणार," सासूबाई म्हणाल्या, आणि त्यांचा आवाज चक्क ओला झाला. "आणि मला सांगितल्याशिवाय राहायची नाही. आठ महिने हो, जावईबापू!"

मला खरंच फार वाईट वाटलं. तेवढ्यात मॅडम आल्या आणि त्यांनी पडद्यावरची यादी पाहिली.

"काय केलंत हे? मी नावं काढा म्हटलं होतं!"

"काढली की! चारशे बारा!"

"अहो, काढा म्हणजे शोधून यादी काढा! चित्र काढा म्हटलं की शाळेत फळा पुसत होतात का तुम्ही?"

नशीब, यादीची सकाळची प्रत जपून ठेवलेली होती. तासाभरात चारशे बारा माणसं पुन्हा जिवंत झाली, त्यांत सासूबाईही. पण पुस्तक? "मी तिच्या दारात मागायला जाणार नाही," असं सांगून त्या घरी गेल्या. म्हणून मीच त्यांच्यावरच्या मजल्याचा जिना चढलो.

मावशींनी सगळी हकिकत ऐकली आणि डोळ्यांतून पाणी येईपर्यंत हसल्या.

"म्हणजे माझ्या सख्ख्या बहिणीला तुम्ही कचऱ्यात काढलंत? न्या बाई पुस्तक! पण मी शेवटचं पान आधी वाचते, हे माहितीये ना?"

"मावशी, आईंना सांगू नका! हात जोडतो!"

"तिला नाही सांगणार. शब्द देते. पण माझ्या पोटात काही राहत नाही, तेव्हा तुम्हाला सांगते." आणि त्यांनी ते माझ्या कानात सांगून टाकलं.

पुस्तक हातात पडताच सासूबाईंचा चेहरा असा फुलला की मला चारशे बाराही गुन्हे माफ झाल्यासारखं वाटलं. "जावई असावा तर असा!" त्या म्हणाल्या. बायकोनंसुद्धा हे ऐकलं, साक्षीदार आहे!

रविवारी दुपारी आम्ही सगळे सासूबाईंकडेच होतो. खिडकी उघडी, पोट भरलेलं, बायको पाय पसरून पेपर वाचतेय, सासूबाई खुर्चीत पुस्तकात बुडालेल्या. माझ्यासारखा सुखी माणूस त्या घटकेला दुसरा नसेल. सासूबाईंनी नव्वदावं पान उलटलं आणि सुस्कारा सोडला.

"बिचारा तो माळी! म्हाताऱ्यावर उगाच संशय घेतात हो सगळे."

"उगाच कसला, आई!" मी डोळे मिटूनच म्हणालो. "विष त्यानंच तर कालवलं..."

बायकोनं पेपर खाली घेतला.

आणि वरच्या खिडकीतून मावशी ओरडल्या, "मी शब्द पाळलाय हं!"