दहापैकी सहा

माकुणसारच्या खंडेराव गुरुजींच्या जबड्यात चार नवे दात रोवून तीन महिने झाले, तेव्हा बोईसरच्या दवाखान्यात त्यांच्या हाती एक कागद देण्यात आला. 'आपण किती समाधानी आहात? दहापैकी गुण द्या.'

गुरुजींनी चष्मा लावला. छत्तीस वर्षे त्यांनी शाळेत गुण दिले होते आणि एकदाही घाईने दिले नव्हते. चावणे : सहा. बोलणे : सहा. चारचौघांत जेवणे : सहा. 'हसणे' या प्रश्नापाशी ते बराच वेळ थांबले आणि तिथे चार दिले. खाली 'प्रगती ठीक' असा शेरा मारून सही केली आणि ते जेवायला घरी आले. दोन वर्षे भाकरी चहात बुडवून खाल्ल्यावर आता कुठे ती कोरडी, कडेसकट चावता येत होती.

दुसऱ्या दिवशी सून स्वातीला डॉक्टर दीपिकांचा फोन आला. आवाज पडलेला होता. "गुरुजींना बराच त्रास दिसतोय. बाकी सगळे नऊ-दहा देतात. एक्स-रे काढू या."

एक्स-रे निघाला. चारही दात हाडात घट्ट होते. त्यामुळे डॉक्टरांची काळजी आणखीच वाढली. दिसत नाही, म्हणजे दोष खोलवर असणार! कारण सापडेपर्यंत कडक खाणे बंद झाले.

"अगं, मला काही होत नाही," गुरुजी म्हणाले.

"अण्णा, तुमी कदी सांगता का? ताप अंगावर घेऊन शाळेत जायचे तुमी!" असे म्हणत स्वातीने भाकरी मिक्सरमध्ये टाकली. पाठोपाठ वालाची भाजी गेली, सुकटही गेली. गावात बातमी पसरली आणि जो तो पिकलेली केळी घेऊन समाचाराला येऊ लागला.

आठव्या दिवशी डॉक्टर स्वतः माकुणसारला आल्या. गुरुजी घरात नव्हते. ते वाडीत सापडले. नारळाच्या झाडाआड पाठमोरे बसून सुके खोबरे खात होते. कडाकडा आवाज विहिरीपर्यंत येत होता.

"अण्णा!" स्वाती ओरडली.

"दुखत नाही?" डॉक्टरांनी विचारले.

"मुळीच नाही."

"मग सहाच का दिलेत?"

गुरुजी गोंधळले. "सहा कमी झाले? साठ टक्के म्हणजे पहिला वर्ग! माझ्याकडे सहा मिळवलेलं पोर नाचत घरी जायचं."

"आणि दहा?"

"दहा दिले की पोर शिकायचं थांबतं."

डॉक्टर विहिरीच्या कठड्यावर मटकन बसल्या. आठवडाभर त्यांना धड झोप नव्हती. "स्वातीताई, आज यांना भाकरी वाढा. पण गुरुजी, हसण्याला चारच का?"

"तो पेपर सोडवलाच नाही मी. अंदाजाने दिले." गुरुजी खाली बघत म्हणाले, "पुढचे दात गेल्यापासून तोंडावर पंचा धरायचो. पोरं बघतील म्हणून. मग हसायची सवयच सुटली."

"आता सोडवा की! अन् गुण स्वातीताई देतील."

गुरुजी उभे राहिले, पंचा खांद्यावर टाकला आणि अत्यंत गंभीरपणे हसले. चारही दात उन्हात चमकले. स्वाती बघतच राहिली. तिने डोळ्यांना पदर लावला.

"सात," ती म्हणाली.

गुरुजींचे हसू जागच्या जागी मावळले.

"सात? नीट तपासलंस का? तीन कुठं कापलेस, ते आधी दाखव!"